टरटरी आणि बांधावरची चिंच



दोन महिने झाले, इथे काही लिहिलं नाही. काहीजणींनी मेसेज करून विचारलं, "ताई, तब्येत बरी आहे ना?" बरी आहे. लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी कॅनडात आले आहे. कॅलगरी शहराच्या पश्चिमेला ब्रॅग क्रीक नावाचं छोटं गाव आहे, तिथं त्यांचं घर. घरामागे जंगल आणि जंगलामागे रॉकी पर्वत. सांगलीकडच्या उसात आयुष्य गेलेल्या बाईला हे सगळं फार उंच आणि फार शांत वाटतं.

येताना तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा भरून आणल्या. डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशेपा, ओवा, सुंठ, मेतकूट. आपल्याकडे बाळंतिणीला लसूण नाही, म्हणून ओवा-शेपा जरा जास्तच. लेकीनं फडताळ उघडून दाखवलं तर तिथंही डाळी, तांदूळ, गूळ गच्च भरलेले. "इथं हिवाळ्यात रस्ते बंद होतात आई, साठवावं लागतं," म्हणाली. मी डब्यांवर चिठ्ठ्या लावायला घेतल्या.

चातुर्मासात एवढा प्रवास झाला, ही टोचणी मनाला होतीच. म्हणून बाळ जन्मल्या दिवशी मी एक मर्यादा घेतली. सव्वा महिना घराच्या आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. दिग्व्रत जन्मभराचं असतं, दहाही दिशांना आपल्या जाण्यायेण्याची हद्द ठरवायची. देशव्रत त्यातलंच, पण ठरावीक काळापुरतं आणि आणखी लहान हद्दीचं. माझी हद्द म्हणजे घर, मागचा लाकडी ओटा आणि कुंपणापर्यंतची झाडं. जावई हसून म्हणाले, "आई, इतक्या लांब येऊन तुम्ही बॅम्फसुद्धा बघणार नाही?" म्हटलं, ते डोंगर कुठं जात नाहीत.

तर त्या हद्दीत दुसरं कुणीतरी आधीपासून राहत होतं.

पहिल्याच सकाळी बाळाला कोवळ्या उन्हात घेऊन ओट्यावर बसले आणि डोक्यावरून आवाज आला, टर्रर्रर्र! जुन्या काळी जत्रेत लाकडी खुळखुळे मिळायचे, गोल फिरवले की वाजणारे, तसा. वर बघितलं तर स्प्रूसच्या फांदीवर एक तांबूस खार. आपल्या अंगणातल्या खारीपेक्षा चांगली मोठी, पाठीवर पट्टे नाहीत, पोट पांढरं, डोळ्याभोवती पांढरं कडं. शेपूट झटकत, पुढचे पाय आपटत ती मला शिव्या घालत होती. शिव्याच त्या, दुसरं काही नाही. माझ्या पाच वर्षांच्या नातवानं तिचं नाव टरटरी ठेवलं होतं.

आपली खार किती गरीब! पेरूच्या झाडावर चार-पाच एकत्र दिसतात, एक पळाली की दुसरी पळते. ही तशी नाही. ही एकटी राहते. नरसुद्धा एकटा, मादीसुद्धा एकटी, प्रत्येकाचं रान वेगळं. लेकीला दूध पाजताना मोबाइलवर वाचायचा नाद लागलाय, तिनं मला बरीच माहिती वाचून दाखवली. इथून खूप उत्तरेला युकॉन भागात, क्लुआने सरोवराजवळ, १९८७ पासून शास्त्रज्ञ या लाल खारींचा अभ्यास करताहेत. प्रत्येक खारीच्या कानात खुणेचा बिल्ला आणि रंगीत तार. कोण कुणाची मुलगी, कुणाचं रान कुठवर, सगळ्याची नोंद. तिथल्या एका खारीचं रान साधारण एक तृतीयांश हेक्टर भरतं. मी मनात हिशेब केला, म्हणजे तेहतीस-चौतीस गुंठे. आमच्या वाटणीच्या एका तुकड्याएवढं!

एवढं रान तिला कशासाठी, ते ऑगस्टच्या शेवटी कळलं. एके दिवशी पहाटेपासून टप टप टप असा आवाज. नातू म्हणाला, "आजी, झाड फळं टाकतंय." झाड नाही, टरटरी टाकत होती. स्प्रूसच्या पार शेंड्याला जाऊन हिरवे, मिटलेले शंकू दातानं कापायची आणि खाली सोडायची. थांबायची नाही. मग खाली उतरून एकेक तोंडात धरून न्यायची आणि एका मोठ्या झाडाच्या बुंध्याशी असलेल्या ढिगात खुपसायची. तो ढीग म्हणजे शंकूच्या सोललेल्या खवल्यांचा उकिरडा. ती शंकू कणसासारखा दोन हातांत धरून फिरवते, एकेक खवला ओढून काढते आणि प्रत्येक खवल्याखालचे दोन बारीक दाणे खाते. खवले खाली पडतात. एका खारीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी, अशा किती पिढ्यांच्या खवल्यांचा तो ढीग, कुणास ठाऊक. आत थंड आणि ओलसर राहतं, त्यामुळे शंकू उघडत नाहीत, दाणे सांडत नाहीत. वर्ष उलटलं तरी टिकतात.

मला हरिपूरची पेवं आठवली. लहानपणी वडिलांबरोबर गेले होते. जमिनीखाली हळदीची पोती, वर नुसती माती, बघणाऱ्याला कळायचंही नाही की पायाखाली कुणाची दौलत आहे. टरटरीचं पेव तसंच. फक्त वर राखण करणारी जागी.

इथला हिवाळा शून्याच्या खाली वीस-तीस अंश जातो. लाल खार झोपून हिवाळा काढत नाही, ती जागी असते, बर्फाखाली बोगदे करून पेवापर्यंत जाते आणि रोज खाते. पेव नाही तर हिवाळा नाही. उन्हाळ्यात आईपासून सुटलेल्या पिलांना थंडीआधी स्वतःचं पेव मिळालं नाही तर त्यांतली फारच थोडी वाचतात. हे ऐकलं तेव्हा त्या टर्रर्रचा अर्थ कळला. ती माझ्यावर रागावली नव्हती, घाबरली होती.

आपल्याकडे चार संज्ञा सांगितल्या आहेत. आहार, भय, मैथुन, परिग्रह. मुंगीपासून माणसापर्यंत सगळ्या संसारी जीवांना चिकटलेल्या. पाठशाळेत पाठ केल्या होत्या, पण भय आणि परिग्रह हातात हात घालून कसे चालतात, ते या झाडाखाली बसून बघितलं. साठा आहे म्हणून भीती, आणि भीती आहे म्हणून आणखी साठा.

लेक म्हणाली, "आई, टरटरी अगदी तुझ्यासारखी आहे. तिचे पण डबे भरलेले." मी म्हटलं, माझं पीठ तरी मर्यादेत असतं, पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. ती तर दोन-दोन वर्षांची बेगमी करते! आणि आपण ज्याला हात लावत नाही ती अळंबी ती चक्क फांद्यांच्या बेचक्यात वाळत घालते, आपण गच्चीवर कुरडया घालतो तशी. नातवाला हे फार आवडलं.

पण तिला मी देवाची खार करून ठेवत नाही. जावयांनी सांगितलं की संधी मिळाली तर या खारी पक्ष्यांची अंडी खातात, सशाची तान्ही पिलंसुद्धा मारतात. मांडीवर पंधरा दिवसांचं बाळ होतं. मी म्हटलं, पुरे, पुढचं सांगू नका. त्या दिवशी ओट्यावर बसवेना. मग वाटलं, तिर्यंच गतीतला जीव आहे, त्याला कुणी सांगितलं? महावीरांचा जीवसुद्धा एका पूर्वभवात सिंह होता आणि मुनींचा उपदेश ऐकून वळला. हिला मुनी भेटले नाहीत. मला भेटले आहेत, तेव्हा हिशेब माझा व्हायला हवा.

आता शेजाऱ्याची गोष्ट.

ओढ्याच्या पलीकडे दुसरी एक खार होती. तिचं रान तिथून सुरू व्हायचं. रोज सकाळी आधी ती टरटरायची, मग आमची. एक पडलेलं झाड होतं, ती त्यांची सीमा. दोघी आपापल्या बाजूला यायच्या, दोन-चार वेळा टरटरायच्या आणि कामाला लागायच्या. मारामारी एकदाही बघितली नाही. मला वाटायचं, काय हे वैर! रोज उठून तेच.

आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पलीकडचा आवाज बंद झाला. घारीनं नेली, घुबडानं नेली की काय, माहीत नाही. एक सकाळ आली आणि फक्त आमचीच टरटरली. उत्तर नाही. तिनं पुन्हा आवाज दिला, पडलेल्या झाडावर येऊन बसली, वाट बघितल्यासारखी.

मला वाटलं, चला, सुटली एकदाची! दुसऱ्याच दिवशी कळलं काय झालंय ते. पलीकडच्या रिकाम्या रानासाठी दोन-तीन नवे जीव आले, बहुतेक यंदाचीच पिलं. त्यांना कुठली सीमा माहीत? पडलेल्या झाडावरून सरळ अलीकडे. टरटरी दिवसभर त्यांच्या मागे. इकडून हाकलावं तर तिकडून येतात. तीन दिवस हे चाललं. नातवानं मला दाखवलं, "आजी, तिचे कोन बघ." तिनं कापून टाकलेले शंकू झाडाखाली तसेच पडून होते. उचलायला तिला वेळच नव्हता.

लेकीनं पुन्हा वाचून दाखवलं. युकॉनच्या अभ्यासात बावीस वर्षांच्या नोंदी तपासून बघितल्या, तर ज्या खारींचे शेजारी वर्षानुवर्षं तेच राहिले, त्या जास्त जगल्या. त्यांना पिल्लंही जास्त झाली. शेजारी नात्यातला आहे की परका, यानं जगण्यात काही फरक पडला नाही. फरक पडला तो ओळखीनं. ओळखीचा शेजारी आपली हद्द जाणतो, त्याच्यावर डोळा ठेवायला कमी वेळ लागतो, घरट्यात जास्त वेळ मिळतो. आणि याचा फायदा सगळ्यात जास्त म्हाताऱ्या खारींना. वय झाल्यावर जी शक्ती जाते, तिची भरपाई जुना शेजारी करतो.

लेक वाचत होती आणि माझे हात हळिवाच्या वाटीवर थांबले.

मैत्रिणींनो, पुढचं लिहायला मला दहा दिवस लागले.

आमच्या शेताच्या वाटणीत थोरल्या दिरांचं रान आणि आमचं रान यांच्यामध्ये बांध आहे. बांधावर सासऱ्यांनी लावलेली चिंच आहे. नऊ वर्षांपूर्वी नांगरटीत बांध सरकला. कुणाचा ट्रॅक्टर, कुणाची चूक, ते आता जाऊ दे. मोजणी आणली. खुणेचे दगड रोवले, त्यात दीड फूट आमच्या बाजूला निघालं आणि चिंचही आमच्यात आली. आम्ही जिंकलो. त्या दिवशी थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी लग्न होऊन आल्यापासून अक्का म्हणत आले, त्या चिंचेखाली पडलेल्या चिंचा वेचत होत्या. दरवर्षी वेचायच्या तशाच. मी बांधावर उभी राहिले आणि भांगलणाऱ्या बायकांच्या देखत ओरडले, "ह्या चिंचेला आता हात लावायचा न्हाई!" अक्कांनी ओट्यातल्या चिंचा खाली ओतल्या आणि पदर झटकून निघून गेल्या.

नऊ वर्षं झाली. त्या चिंचा आम्ही खाल्ल्या, विकल्या, लोकांना वाटल्या. अक्कांच्या घरी एक बुट्टीही गेली नाही.

तीन वर्षांपूर्वी आमचे हे गेले. घरात चूल पेटली नाही, तेव्हा अक्कांच्या घरून भाकरी आणि पिठलं आलं. सूर्य मावळायच्या आत यावं म्हणून त्यांनी मुलाला पळवत पाठवलं होतं. मी ते जेवले. भांडी घासून परत पाठवली. भांड्यांबरोबर शब्द पाठवला नाही.

दरवर्षी क्षमावाणीला मी मेसेज पाठवते. कळत-नकळत, मन-वचन-कायेनं वगैरे. दीडशेच्या वर नंबर आहेत त्या यादीत. दवाखान्यातल्या नर्सपासून गॅसवाल्यापर्यंत. अक्कांचा नंबर नाही. रोज संध्याकाळी प्रतिक्रमणात चौऱ्यांशी लक्ष योनींतल्या जीवांची क्षमा मागते. एकेंद्रियाची मागते, निगोदातल्या जीवांची मागते. अवघड काय आहे त्यात? त्यांतला एकही जीव समोरून "कशाबद्दल?" असं विचारत नाही.

दशलक्षण सुरू झालं. नवव्या दिवशी, उत्तम आकिंचन्याच्या दिवशी, माझं एकासन होतं. इथे जुलैत सूर्य साडेनऊला मावळायचा, तो आता पावणेआठला मावळायला लागला होता. दुपारी ओट्यावर स्वाध्यायाला बसले. तत्त्वार्थसूत्रात परिग्रह म्हणजे वस्तू असं म्हटलेलं नाही, त्या वस्तूवरची मूर्च्छा, माझं-माझं करणारी ती गुंगी, तिला परिग्रह म्हटलंय. हे मी शंभरदा वाचलंय. समोर टरटरी पडलेल्या झाडावर उभी होती. आणि मला दोन रेषा दिसल्या.

एक रेष मी सव्वा महिना पाळत होते, देशव्रताची. ती रेष मला आवरण्यासाठी होती. तिच्या आत मी इतकी निवांत होते की एका खारीचा दिवस बघायला मला वेळ मिळाला. दुसरी रेष बांधाची. ती मी दुसऱ्याला आवरण्यासाठी वापरली, आणि नऊ वर्षं तिच्यावर उभी राहून टरटरत राहिले. हद्द असण्यात पाप नाही. गृहस्थाला हद्द लागतेच, मोजणीचे दगड मी काही उपटणार नाही. पण रेषेचं तोंड कुणाकडे आहे, आपल्याकडे की दुसऱ्याकडे, हे बघायचं राहून गेलं.

आणि दुसरी गोष्ट त्या खारीनं शिकवली. अक्का आणि मी रक्ताच्या नाही. दोघी वेगवेगळ्या गावांहून एकाच घरात आलो. पण या जगात आता असं एकच माणूस उरलंय, जे मला पंचवीस वर्षांची असल्यापासून ओळखतं, ज्याला माझे सासरे, माझी सासू, माझं पहिलं बाळंतपण, ह्यांचा राग, सगळं माहीत आहे. अक्का आता पंचाहत्तरीच्या आहेत. उद्या बांधाच्या पलीकडून आवाज आला नाही तर?

भारतात क्षमावाणीची सकाळ उजाडते तेव्हा इथे आदल्या दिवसाची रात्र असते. पौर्णिमा होती. स्प्रूसच्या शेंड्यांमागून चंद्र वर आला होता. बाळ झोपलं होतं. लेकीकडून अक्कांच्या मुलाचा नंबर घेतला, माझ्याकडे तोही नव्हता. सांगलीत सकाळचे आठ वाजले असतील.

"कोण?"

"अक्का, मी."

पलीकडे कुणीतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मी पाठ केलेलं वाक्य काढलं, मन-वचन-कायेनं, आणि मध्येच सोडून दिलं. म्हटलं, "अक्का, मी तुम्हाला चिंचेखाली सगळ्यांच्या देखत बोलले. ते चुकलं. क्षमा करा."

बराच वेळ काही नाही. मला वाटलं, लाइन तुटली.

मग अक्का म्हणाल्या, "पोर बरी हाय का? बाळ दूध पितंय?"

"हो."

"तिकडं थंडी लई म्हणं."

"अजून नाही. पुढं असते."

पुन्हा थोडा वेळ गेला. मग म्हणाल्या, "औंदा चिंच लई धरलीया. माघात निघंल. तवर येशील न्हवं?"

येईन म्हणाले. मला एवढंच बोलता आलं. त्यांनी क्षमा केली असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मी विचारलं नाही. नऊ वर्षांचं एका फोनवर फिटत नाही. माघात बुट्ट्या घेऊन दोघी चिंचेखाली बसू तेव्हा काय ते कळेल.

माझा सव्वा महिना संपलाय. जावई रविवारी बॅम्फला नेणार आहेत. टरटरीच्या पलीकडे नव्यांतल्या एकाचा जम बसलेला दिसतोय. काल सकाळी त्यानं पलीकडून आवाज दिला, तिनं अलीकडून दिला, आणि ती शंकू उचलायला गेली. झाडाखालचे निम्मे तरी उचलून झालेत. पहिल्या बर्फाआधी बाकीचे व्हायला हवेत.

क्षमावाणीचा मेसेज यंदाही सगळ्यांना पाठवला आहे. तुम्हालाही आला असेल. तुमच्या यादीत ज्याचा नंबर नाही, त्याचं नाव मला सांगू नका. पण एकदा आठवून बघा.

सर्वांना उत्तम क्षमा.